ताईच्या पांढऱ्या पेशी

माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्यापेक्षा दोन दिवस जास्त जगल्या. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या उथळ बशीत, गुलाबी पाण्यात. पहिल्या संध्याकाळी त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, पुढचं मला नंतर कळलं. ताई का गेली हे मी एका माणसाला सांगायला हवं होतं. तो माणूस म्हणजे तिचा नवरा, माझे भावोजी. सहा वर्षं मी ते सांगितलं नाही. एरवी मी तोंडाची फटकळ, कोणाची भीडभाड न ठेवणारी. पण इथे माझी वाचाच बसली.

मी रत्नागिरीत मारुती मंदिराकडच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम करत असे. लोक मला सुईवाली बाई म्हणत. दिवसाला तीस-चाळीस दंड माझ्या हाताखालून जात आणि त्या प्रत्येकाला आदल्या दिवशी मी एकच वाक्य सांगे, "उद्या सकाळी अनशापोटी यायचं. चहा नाही, गोळी नाही." एवढं सांगूनही कोणीतरी चहा-खारी खाऊन यायचाच, आणि मग माझं डोकं फिरायचं. "एक दिवस चहा नाही प्यायलात तर जीव जाणार होता का तुमचा?" असं मी म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा सुनवत असे. ते वाक्य जिभेला इतकं चिकटलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

ताईचं दुखणं तिच्या बाळंतपणापासूनचं. सासर जयगडच्या बाजूला. पावसाळ्यात अवेळी कळा सुरू झाल्या, जीप मिळून रत्नागिरीला पोचेपर्यंत अंगावरून रक्त जातच राहिलं. मूल वाचलं नाही. ताई वाचली, असं आम्ही म्हणत होतो. पण दवाखान्यातून घरी आली ती वेगळीच कोणी बाई. पाळी परत आली नाही. भुवया विरळ झाल्या, कातडी मेणासारखी पांढरी पडली. वैशाखात गोधडी पांघरून ओटीवर बसायची. हाक मारली की इतक्या उशिरा ओ द्यायची की हाक मारणारा आपण का हाक मारली ते विसरून जायचा.

गावानं आपलं निदान करून टाकलं होतं. बाहेरचं काहीतरी आहे. गाऱ्हाणी झाली, अंगारे झाले, नारळ फुटले. मला त्या सगळ्याचा संताप यायचा. पण मी तरी काय दिवे लावले? मी तिचं हिमोग्लोबिन तपासत बसले. आलं कमी की लोहाची बाटली. सात वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीचं रक्त माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येत होतं आणि मला काहीही दिसलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशातली मी.

मग रत्नागिरीत महिन्यातून एकदा मुंबईहून हार्मोनचे डॉक्टर यायला लागले. त्यांनी ताईला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?" मला वाटलं, हे अंतर्ज्ञानी आहेत की काय. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. सगळ्या शरीराला काम वाटून देणारे निरोप तिथून सुटतात. बाळंतपणात रक्त फार गेलं की कधीकधी ती ग्रंथी उपाशी राहून मरते. बाई जिवंत राहते, पण निरोप बंद.

त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक बारीकशी पांढरी, स्टेरॉइडची. ती दाखवून म्हणाले, "ही मात्र कधीही चुकवायची नाही. जेवण चुकलं तरी चालेल. ताप आला तर दुप्पट घ्यायची. तुमचं शरीर हे आता स्वतः बनवू शकत नाही." समोर आम्ही तिघं बसलो होतो, ताई, भावोजी आणि मी. तिघांनीही माना हलवल्या.

गोळ्या सुरू झाल्यावर आठव्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तोवर भावोजींनी धंद्यासाठी मिरकरवाडा बंदराजवळ दोन खोल्या घेतल्या होत्या. मी सवयीनं कपबशी मोरीत ठेवली, तर आतून आवाज आला, "काय गो धाकटे, कप असा उपडा घालतात? फुटला तर तुझा बापूस देणारे का?" मी मोरीपाशीच हुंदके देऊन रडले. सात वर्षांनी माझी बहीण माझ्यावर ओरडली होती. त्यानंतर दोन वर्षं तिनं कोणालाही सोडलं नाही. भावोजींना तर उठता बसता बोलणी. आणि ते बापडे खुशीत ऐकत राहायचे.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचा सुमार असेल. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली होती. डॉक्टरांनी ताईला विचारलं, थोडं रक्त द्याल का? ते मुंबईत काहीतरी शोधत होते. आजाराशी लढतात त्या पांढऱ्या पेशींवरही हार्मोनला येऊन बसायच्या बारीक जागा असतात, रिसेप्टर म्हणतात. ज्यांच्या पिट्युटरीचा निरोपच बंद झालाय त्यांच्या पेशींवर त्या जागा कमी होतात का, तशाच राहतात की वाढतात, हे त्यांना बघायचं होतं. मला ऐकताना जांभई येत होती. ताई मात्र एकदम म्हणाली, "म्हणजे पोस्टमन मेला तरी दारं उघडी टाकून बसल्यात का, ते बघणार तुम्ही. बघा की. न्या रक्त." डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसला त्यांनी.

रक्त त्याच दिवशी मुंबईला पोचायला हवं होतं, आणि पेशी जिवंत पोचायला हव्या होत्या. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला होता. त्यात एक ओळ लाल शाईनं होती, सकाळची गोळी रक्त काढल्यावर लगेच द्यावी. पहिल्या वेळी मी ती अक्षरशः पाळली. नळ्या भरल्या, ताईच्या दंडावर कापूस दाबला आणि गोळी माझ्या हातानं तिच्या तोंडात घालून वर पाणी पाजलं. नळ्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि डबा भावोजींच्या हातात दिला. ते मुंबईला जाणारच होते. म्हटलं, "जपून न्या. ताजं राहिलं पाहिजे."

तिथे मी चुकले. भावोजी मासळीचे व्यापारी. बंदरावर मासळी उतरली की बर्फात भरून ट्रकनं मुंबईला लावायची, हे आयुष्यभर केलेलं. त्यांच्या लेखी ताजं म्हणजे बर्फ. त्यातून ऑक्टोबरचं ऊन. रिक्षात त्यांनी डबा उघडून बघितला, आत नुसता कापूस! बायकोचं रक्त, आणि या उन्हात असं उघडंबोडकं? त्यांनी रिक्षा बर्फाच्या कारखान्याकडे वळवली, कुटलेला बर्फ घेतला आणि पापलेट भरावं तसं माझ्या नळ्यांच्या खाली एक थर, वर एक थर घालून डबा मीठ मारून पक्का केला. मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो, हे त्यांना शिकवायला नको.

रात्री डॉक्टरांचा फोन आला. "बाई, हे रक्त आहे, सुरमई नाही. सगळं गोठून फुटलंय. पेशी निळीला घातल्या तर एकूण एक निळ्या झाल्या." मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही, हे मला माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावोजी परत आल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी त्यांची गत. ताई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "राहू दे गो. मला सांभाळायचं म्हणून मिठात घातलंनी. पुन्हा काढ रक्त."

पुन्हा काढायचं ठरलं, दोन आठवड्यांनी. या वेळी नळ्या मी स्वतः नेणार होते. कोणावर विश्वास टाकायचा नाही, असं ठरवलं होतं मी. आदल्या संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या घरी फोन लावून ताईला बोलावून घेतलं. लॅबमध्ये गर्दी होती, एका हातात कोणाचा तरी रिपोर्ट होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी अनशापोटी ये. चहा नाही, गोळी नाही." ती म्हणाली, "बरं गो." आणि मी फोन ठेवला.

सकाळी ती उशिरा आली. गाडी साडेनवाची, स्टेशन गावाबाहेर. मी घड्याळाकडे बघत होते. तिचा दंड हातात घेतला तर गरम लागला. आयुष्यभर लोकांचे दंड धरलेली बाई मी, मला ताप कळत नाही होय? पण मी मनाशी म्हटलं, उन्हातून आलीय. रंग उतरला होता, म्हटलं, उपाशी आहे. शीर पटकन मिळाली, रक्त सुरेख आलं. ताईनं कोपर दुमडून विचारलं, "आता काय करू?" मी नळ्या गुंडाळत म्हटलं, "आता घरी जा आणि झोप." लाल शाईची ती ओळ माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या खांद्याला होती. रिक्षा दारात उभी होती.

पूर्ण प्रवासात डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. ऊन लागू नये म्हणून पदर घेतला, वारा लागू नये म्हणून खिडकी लावली. शेजारची बाई म्हणाली, "देव घेऊन चाललात का?" मला अभिमान वाटला. अजून आठवतं, मला चक्क अभिमान वाटला होता.

संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचले. तिथल्या मुलीनं पेशी वेगळ्या केल्या, निळा रंग घातला आणि मला म्हणाली, "बघा ना, तुम्ही एवढं जपून आणलंत." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळ्या स्वच्छ, गोल, चकचकीत. निळी शोधावी लागत होती. डॉक्टरही तिथे होते, म्हणाले, "वा! बहीण एकदम ठणठणीत आलीय." तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. तो नंबर मी ताईच्या शेजाऱ्यांना देऊन ठेवला होता. शेजारीण सांगत होती, ताईला दुपारी उलट्या झाल्या, मग ती कोणाला ओळखेना, तिला दवाखान्यात नेलंय.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सकाळची गोळी दिलीत ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, ते मला विचारू नका. मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. त्या मुलीसमोर लाज वाटली, म्हणून. मघाशी कौतुक झालं होतं, म्हणून. अर्ध्या मिनिटानं मी म्हटलं, "नाही. नाही दिली. घेऊ नको म्हणून सांगितलं होतं." डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच रत्नागिरीचा फोन लावला, कोणतं इंजेक्शन द्यायचं ते सांगितलं. ते दिलंही तिथल्या लोकांनी. पण सबंध दिवस निघून गेला होता, आणि अंगात ताप होता. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा ताईला घरी आणलेलं होतं.

काही महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र आलं. सांत्वनाचं लिहिलं होतं, आणि खाली, तुम्हाला जाणून घ्यायचं असेल म्हणून, असं म्हणून चार ओळी. तुमच्या बहिणीच्या पेशी बशीत आणखी दोन दिवस उत्तम जिवंत होत्या. निरोगी माणसाच्या पेशींवर आम्हाला जितक्या जागा दिसतात त्याहून तिच्या पेशींवर जास्त दिसल्या. एका माणसावरून काही म्हणता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. मला म्हणायचं ते मी मनात म्हटलं. नऊ वर्षं निरोप नाही, आणि त्या आणखी दारं काढून बसल्या होत्या. आणि शेवटच्या दिवशी जी एक गोळी यायची ती मी अडवली.

त्यानंतर लॅबमध्ये स्लाइड बघताना मला भीती वाटायला लागली. रक्त कोणाचंही असो, कोळणीचं, मास्तराचं, लहान पोराचं, पांढरी पेशी दिसली की वाटायचं ही माझ्याकडे बघतेय. नुसती बघत नाही, थांबलीय. डोळा काढून खिडकीबाहेर बघावं लागे. ते वाक्यही मला बोलवेना. मी कागदावर छापून घेतलं आणि पेशंटच्या हातात द्यायला लागले, खाली मोठ्या अक्षरात, नेहमीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. मालक म्हणाले, बाई फार शांत झाल्या हल्ली.

आणि भावोजी? ते येईल त्याला सांगत, "माझ्यामुळे गेली. मी बर्फ घातला नसता तर पुन्हा रक्त काढायला लागलं नसतं." लोक म्हणत, अहो, तुमचा काय दोष. मी शेजारी बसून ऐकायची. एकदाही तोंड उघडलं नाही.

सर्वांत वाईट दिवस म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षात त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. त्या सवाष्णीच्या रूपानं गेलेली बाई येऊन जेवते, असं मानतात. माझा नवरा हयात, म्हणून भावोजी दरवर्षी मलाच बोलवत. त्यांच्या वहिनी गावाहून येऊन स्वयंपाक करत. मला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, वेणी माळायची, खणानारळानं ओटी भरायची, आणि मग भावोजी पानासमोर वाकून नमस्कार करायचे. मला नाही, ताईला. मान खाली घालून मी जेवायची. घरी येऊन ओकायची.

सहाव्या वर्षी पान वाढून झालं होतं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. दारात कोणी ओळखीचे आले होते, त्यांना भावोजी सांगत होते, "माझ्याच हातानं झालं ते. बर्फ…" ते लोक गेले. भावोजी आत येऊन माझ्यासमोर वाकायला लागले आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी पाटावरून ताडकन उठले.

"बर्फ-बिर्फ काही नाही, भावोजी. गोळी घेऊ नको असं मी सांगितलं होतं तिला. नंतर घे म्हणून सांगायचं होतं, ते सांगितलं नाही. मी मारलंय तिला. मला या पानावर बसवू नका."

वहिनी पळी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. भावोजी सावकाश सरळ झाले.

"माहित्ये गो," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "दुपारी बाराला मी बंदरावरून आलो. अंग तापलेलं तिचं. गोळ्यांची डबी आणि पाणी घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो, म्हटलं, घे. ती म्हणाली, धाकटीनं नको म्हणून सांगितलंय, तिला त्यातलं कळतं. मी म्हटलं, बरं. आणि डबी फळीवर ठेवून दिली."

"मग बर्फाचं का सांगत बसता जगाला?"

"डबीचं सांगितलं तर तुझं नाव येतं. तू रोज लोकांच्या अंगात सुई घालतेस." त्यांनी पानावरची माशी हाकलली. "आणि डबीचं मलाही बोलवत नाही. बर्फाचं बोलता येतं."

मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात, हाताला धरून बाहेर काढावं. तसं म्हटलंही मी. "द्या ना शिव्या. द्या." त्यांनी नुसता पाट सरळ केला.

"बस," म्हणाले. "त्या दिवशी उपाशी गेली ती. आता वर्षातून एकदा जेवते, ते तुझ्या तोंडानं. तू उठलीस तर ती उठेल."

मी बसले. त्यांनी वाकून नमस्कार केला. पहिला घास घशाखाली उतरेना. दुसरा उतरला. मग मी पानात काही टाकलं नाही.